दुपारची बेल

दुपारी अडीचला बेल वाजली. एर्मेलिंडा आंटींनी वरच्या खिडकीतून डोकावलं. खाली एजंट रोहिदास आणि त्याने आणलेलं दिल्लीचं गिऱ्हाईक उभं होतं.

"आंटी, साहेब तीन कोटी द्यायला तयार आहेत."

"तू पणजीतच वाढलास ना रे? ही काय कुणाचं दार वाजवायची वेळ? चारला या." खिडकी बंद झाली.

रोहिदास ओशाळला. गल्लीतल्या घरांना आता मुंबईचा भाव होता. मुलीकडे कायमचं जायचं म्हणून आंटींनी घर विकायला काढलं खरं, पण आधीच्या दोघांना त्यांनी परत पाठवलं होतं. एक बेल दाबतच राहिला होता, दुसऱ्याने गाडीचा हॉर्न वाजवला होता.

साहेब मात्र दारातल्या दगडी बाकावर टेकले. "बसू इथेच. किती शांत आहे."

चारला आंटी चहा घेऊन बाहेर आल्या. साहेब बूट काढून, बाकावर आडवे होऊन चक्क घोरत होते. रोहिदास घाईघाईने त्यांना हलवायला गेला.

आंटींनी त्याचा हात धरला. "उठवू नको. जागे झाले की सांग, घर त्यांना दिलं."