सराट्यांचा बंदोबस्त

तिसऱ्या सकाळी राधाकिशन मुनशीच्या सायकलीची हवा पुन्हा वेशीबाहेरच गेली आणि तो ती ढकलत ढकलत चावडीवर परत आला. मुक्ताबाईने त्याला येताना पाहिलं आणि लगेच आपल्या कोंबड्यांकडे पाहिलं. परवा एक गेली होती, काल एक. आता आणखी एक जाणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मुनशी मोमिनाबादेहून आला होता. तिथल्या साहेबलोकांनी नव्याकोऱ्या सायकली घेतल्या होत्या आणि दर जुम्म्याच्या सुटीला रानावनातून हिंडायची त्यांना हौस सुटली होती. कोणती वाट चाकाला सोसते, बघण्यासारखं कुठं काय आहे, मुक्काम कोणत्या गावी करावा, हे सगळं वहीत लिहून आणायला मुनशीला पुढं पाठवलं होतं. घाटनांदूरची वाट त्याची बघून झाली होती. आता धर्मापुरीच्या जुन्या देवळाकडे जायचं होतं आणि मधे ही खडकवाडी लागत होती.

वहीत ज्या गावाचं नाव मुक्कामाला लागेल, त्या गावानं साहेबांना कोंबडी, दूध, तूप आणि झोपायला बाजा पुरवायच्या, असा रिवाज. त्याला रसद म्हणत, आणि ती साहेबांच्या मुनशीलाही लागे. रसदीच्या बदल्यात साहेब निघताना शाब्बास म्हणत. एखादा फारच खूश झाला तर दोनदा म्हणे.

चावडीला लागून पहिलं घर मुक्ताबाईचं. रसद गोळा करायला निघालेला माणूस पुढच्या घरापर्यंत पाय कशाला झिजवील? नवरा गेल्यावर जमीन दिरांनी गिळली होती. तेव्हापासून बाजारात अंडी विकून ती जगत होती, आणि दिरांच्या दारात एकदाही गेली नव्हती. कोंबड्या संपल्या की तिला त्याच दारात जावं लागणार होतं. तिला मरणाची भीती नव्हती, पण त्या दाराची होती.

मुनशी येतोय म्हटल्यावर धोंडीराम पाटलानं डोकं चालवलं होतं. त्यानं बंकट नावाच्या आपल्या गड्याला वाटेवर सराटे पसरायला लावले. सराटा हा रानातला काटेरी गोखरू, दिसायला हरभऱ्याएवढा. पण कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर असतंच. मागं एका तहसीलदाराच्या घोड्याच्या पायात असाच काटा भरला होता आणि तहसीलदार वेशीवरूनच माघारी गेला होता. गावानं त्या दिवशी गूळ वाटला होता. घोड्याला जमलं ते सायकलीला का जमू नये, असं पाटलाचं म्हणणं होतं आणि गावाला ते पटलंही होतं.

पण घोडा लंगडत का होईना घरी जातो. सायकल जिथल्या तिथं बसते. हवा गेली की मुनशी चावडीत यायचा, चाक उघडायचा, ठिगळ लावायचा. ठिगळ वाळेपर्यंत जेवणवेळ व्हायची. कोंबडीचं जेवण झालं की झोप यायची, आणि उठेपर्यंत ऊन कललेलं असायचं. मग मुक्काम. मुनशी अजून पुरता वैतागला नाही असं म्हणत पाटील बंकटला आणखी सराटे आणायला पिटाळायचा.

तिसरी कोंबडी शिजत असताना मुक्ताबाई डोक्यावरचा पदर सारखा करून पाटलाच्या ओसरीवर गेली.

"पाटील, पाव्हणा जावा म्हणून काटे टाकायलात, का ऱ्हावा म्हणून?"

पाटलानं पागोटं काढलं, डोकं खाजवलं आणि पागोटं परत घातलं. असा विचार त्यानं केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मुक्ताबाई तुराट्यांचा खराटा घेऊन वेशीबाहेर उभी होती. तिच्यामागं गावातल्या आणखी सात-आठ बायका होत्या. सुगीत खळं झाडतात तशी त्यांनी वाट झाडली. सराटे कुठं कुठं टाकलेत ते बंकट पुढं होऊन दाखवत होता, कारण टाकणाऱ्यालाच ते ठाऊक. खुद्द पाटील पोतं धरून मागून येत होता. शिवेपर्यंत सगळी वाट लख्ख झाली. मुक्ताबाईला किती दिवसांनी हसू आलं.

ऊन वर आल्यावर मुनशी निघाला. वेस ओलांडली तरी चाक फुगलेलंच होतं. त्यानं घंटी वाजवली, मग उगाच आणखी एकदा वाजवली. शिवेजवळ पोचला तेव्हा बायका शेवटचा तुकडा झाडत होत्या. तो सायकलीवरून उतरला. झाडलेल्या वाटेकडे त्यानं मागं वळून पाहिलं, मग बायकांच्या धुळीनं माखलेल्या पायांकडे. ही एवढी मेहनत कशासाठी, असं त्यानं विचारलं.

"तुमची गाडी कुठं अडू न्हाई म्हणून झाडलं, मुनशीसाहेब," मुक्ताबाई म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

आजवर किती गावं मुनशीनं पाहिली होती, पण त्याच्यासारख्या मामुली कारकुनासाठी कुणी खडाही बाजूला केला नव्हता. त्यानं सायकल बाभळीला टेकवली, वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं आणि एक ओळ चांगली दाबून खोडली. तिच्याखाली नवी लिहिली.

"पहिल्याच रोजी लिहून ठेवलं होतं बाई, की खडकवाडीच्या वाटेला कुणी म्हणून फिरकू नये," तो म्हणाला. "आज तुमची ही मेहमाननवाजी पाहून ते खोडलं. येत्या जुम्म्याला अकरा साहेब तुमच्याकडंच उतरतील."