सायीच्या दह्याची परीक्षा

"झाकण हळू उघड गं," बाबा आईला म्हणाले.

ट्रायलला आणलेल्या दोन्ही जीप शहरातले खड्डे आणि गडाची दगडी वाट तुडवून दारात उभ्या होत्या. ऋजुताला रोज ऑफिसला जायला अलगद चालणारी काळी हवी होती, बाबांना डोंगर चढायला दणकट लाल. वाद मिटवायला भौतिकशास्त्र शिकलेल्या ऋजुताने प्रयोग आखला होता: दोन्ही गाड्यांत सायीच्या दह्याचा अर्धा भरलेला एकेक डबा. जिच्यातलं दही मोडणार नाही, ती घ्यायची. निकाल आई देणार.

काळीतलं दही जसंच्या तसं होतं. "बघा!" ऋजुताने टाळी वाजवली. लालमधल्या डब्यात ताकावर लोण्याचा गोळा तरंगत होता. बाबांचा चेहरा पडला.

आईने लोणी चाखून डोळे मिटले. "रवी न धरता लोणी!" ती म्हणाली. "लालच घ्या. ऋजू, यापुढे ऑफिसला जाताना हा डबा विसरू नकोस."