हँडल सोडू नकोस

रेमेदियोस तिसऱ्यांदा पडली. या वेळीही वाळूतच.

"अगं बाई, हँडल सोडलंसच कशाला?" हिलारियो आपली गाडी लावून धावला.

"त्या चरणाऱ्या लामाने माझ्याकडे बघून मान हलवली. मग मी हात करायला नको?" घोळदार झग्यातली वाळू झटकत ती म्हणाली. "मेली गाडीच अपशकुनी आहे."

निकानोर पुढे थांबला होता. थांबला कसला, इंजिन बंद पडलं होतं. "क्लच धरायचा की सोडायचा?" त्याने तिकडून ओरडून विचारलं. चार दिवसांत हा प्रश्न चाळिसाव्यांदा आला होता.

हिलारियोने कपाळावर हात मारला. पोतोसीच्या बाजारात चीज विकणारी पंचावन्न वर्षांची ही बाई. मांसाच्या करंज्या भाजणारा साठीचा तो भट्टीवाला. त्यांच्या दोन जुनाट सव्वाशे सीसीच्या गाड्या. खिशात पैसे नाहीत म्हणून चर्चच्या पडवीत मुक्काम. आणि जायचं कुठे, तर बोलिव्हियाची हद्द ओलांडून थेट अर्जेंटिनात, साल्ताला!

खरं तर तो येणारच नव्हता. तीन वर्षांपूर्वी रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून त्याची गाडी घसरली आणि मागे बसलेली त्याची बायको आउरेलिया पुन्हा उठली नाही. तेव्हापासून तो लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा, पण एकीवरही बसला नव्हता. मुलगी योलांदा साल्तात असायची. आईच्या मातीला आली आणि बापाशी अवाक्षर न बोलता परत गेली. त्यानेही नंतर फोन केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

मग रेमेदियोसच्या नवसाचं निघालं. साल्ताच्या मेरीमातेला म्हणे तिने शब्द दिला होता, स्वतः गाडी चालवत येईन म्हणून. निकानोर म्हणाला, मीही येतो. गाडी दोघांनाही येत नाही म्हणाले. ती नुकतीच सुक्रेला बहिणीकडे आठवडाभर राहून आली होती, आणि त्याच आठवड्यात याची भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. रिकामपणी दोघांची डोकी फिरली, असं हिलारियोचं मत.

"तू नाही आलास तरी आम्ही जाणार," रेमेदियोसने बजावलं होतं. "पहिल्याच वळणावर मेलो तर फुलं तेवढी आण."

मग काय करतो बिचारा? आला. पहिल्या दिवशी किल्ली फिरवतानाही त्याचे हात कापत होते. पण या दोन रत्नांना सांभाळता सांभाळता स्वतःच्या हातांकडे बघायला त्याला सवडच मिळेना.

त्या संध्याकाळी ते हद्दीवरच्या पुलाशी पोचले. हिलारियो फॉर्म उलटापालटा करून बघत होता, तोवर निकानोरने आपला भरूनही दिला.

"सही कुठे करायची ते कळलं कसं रे तुला?"

"दुकानदार माणूस आहे मी. तुझ्यासारखा ग्रीसमध्ये हात घालून बसत नाही."

पाचव्या दिवशी घाट लागला. माथ्यावर दगडांची रास होती. खालून आणलेला दगड तिथे ठेवायचा आणि मनावरचं ओझंही तिथेच सोडायचं, अशी त्या डोंगराळ मुलखाची रीत. हिलारियोने दगड ठेवला, "आउरेलिया" म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. रेमेदियोसने नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

उतारावर निकानोर किंचाळला, "ब्रेक लागत नाही रे!"

हिलारियोने विचार केलाच नाही. गाडी पिळली, दोन वळणं वाऱ्यासारखी कापली आणि त्याच्या बाजूला आला. "गिअर खाली टाक! आणखी खाली! कडेला घे!" निकानोर थांबला. हिलारियोने वाकून ब्रेक तपासला.

"अरे, ब्रेक चांगला आहे की!"

"असं? मग मी क्लच दाबत बसलो असेन."

"गाढवा!" हिलारियो ओरडला. मग त्याचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. कापत नव्हते. मागून रेमेदियोस आली. तिचे डोळे लाल झाले होते. धूळ गेली, म्हणाली.

सहाव्या दिवशी सकाळी एका खानावळीत ते सूप प्यायला बसले. रेमेदियोसच्या वाडग्यात तेवढी कोथिंबीर नव्हती.

"हिला कोथिंबीर चालत नाही, हे मालकिणीला कोणी सांगितलं?"

"माझ्या तोंडावर लिहिलंय. गिळ मुकाट्याने," रेमेदियोस म्हणाली. "आधी योलांदाकडे जायचं. नवस मागाहून."

"ती दार उघडायची नाही गं."

"नाही उघडलं तर परत फिरू. जाताना मी आणखी दहा वेळा पडेन, तुझी करमणूक होईल."

साल्तात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. हिलारियोने दार वाजवलं आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. योलांदाने दार उघडलं. आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागच्या गाडीकडे.

"बाबा, तुम्ही चालवत आलात?"

त्याने मान हलवली.

"त्या दिवशी माझ्या तोंडून शब्दच फुटत नव्हता हो," ती म्हणाली. "आणि तुम्हाला वाटलं, मी रागावले." तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. धुळीने माखलेला तो म्हातारा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला.

तेवढ्यात आतून तिची चार वर्षांची आल्बा आली. आजोबांना तिने रांगत होती तेव्हा पाहिलेलं, ती कुठली ओळखणार? त्यांना वळसा घालून ती धावत सुटली आणि रेमेदियोसच्या झग्याला लोंबकळली.

"रेमेआजी, मागच्या वेळेसारखी हात सोडून गाडी चालव ना!"