नवा मॉडेम

"बाबा, तुम्ही आईशी शेवटचं कधी बोललात?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून लेकीने एकदाचं विचारून टाकलं.

मॉडेम मांडीवर घेऊन बसलेले बाबा म्हणाले, "आईला सांग, खुर्ची उचल. टेलिफोनची वायर अडकलीय."

आई हाताच्या अंतरावर होती. "बाबांना सांग, डोळे उघडून बघा. वायर टेबलाखाली आहे."

इकडचे निरोप तिकडे करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी तिनेच वायर जोडली, कॉम्प्युटरवर सेटिंग केलं आणि मॉडेमचा हिरवा दिवा लागला. दोघांनीही लगेच आपापले मोबाइल तिच्यापुढे धरले. "पासवर्ड?"



"मी ठरवलंय," ती म्हणाली, "अर्धा आईला सांगणार, अर्धा बाबांना."