दुसरा सर्व्हर

“दुसरा सर्व्हर लावलाय न्हवं?” अनुजानं परत विचारलं.

“लावलाय की! किती वेळा सांगू?” सम्राट बुटाची नाडी बांधता बांधता खेकसला. मान काही वर केली नाही. केली असती तर बायकोनं तोंडावरनं ओळखलं असतं.

लग्नं मोबाईलवर थेट दाखवायचा हा नवरा-बायकोचा धंदा. मंगळवार पेठेत घर, घरातच ऑफिस. कॅमेरे त्याच्याकडं, कॉम्प्युटर तिच्याकडं. कॅमेऱ्यातलं चित्र आधी सर्व्हरवर जातं, तिथनं बघणाऱ्यांच्या मोबाईलवर. सर्व्हर पडला की लग्न गायब. म्हणून जोडीला दुसरा तयार ठेवायचा. पहिला पडला की दुसरा सांभाळून घेतो, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आज मात्र तो दुसरा गडहिंग्लजच्या एका लग्नाला जुंपलेला होता, तिथं कॅमेऱ्यावर भाड्याचा पोरगा पाठवलेला. मुहूर्त एकच, पण दोन्ही सुपाऱ्या पाहिजेत ना साहेबांना!

दाराशी ठेवलेली कॅमेऱ्याची पेटी उघडून अनुजानं जरा खुडबूड केली आणि झाकण लावलं. पलंगावर तिची इस्त्री केलेली जरीची साडी होती. ती उचलून तिनं परत कपाटात ठेवली.

“तू येणार न्हाईस?”

“तुम्ही व्हा पुढं. मला घरात काम हाय.”

रुसली, असं त्यानं ठरवून टाकलं आणि गाडीला किक मारली.

लग्न आकाराम आण्णांच्या लेकीचं, मोनाचं. आण्णांचा दुधाचा धंदा. थोरला मुलगा राजवीर फौजेत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान त्याचा. आता चुलतभाऊ पिळणार आणि राजवीर तिकडनं मोबाईलवर बघणार, असं ठरलेलं. त्यासाठी आण्णा स्वतः घरी येऊन गेले होते.

“पावणं, जेवणात मीठ कमी पडलं तरी चालंल. पोराला भनीचं लगीन दिसाय पायजे.”

“एक सर्व्हर पडला तर दुसरा हाय आण्णा. बिनघोर ऱ्हावा,” सम्राट छाती काढून म्हणाला होता.

अक्षता पडल्या, होम पेटला. सम्राटनं कॅमेरा होमासमोर उभा केला. त्यावरचा माइक अनुजानं हट्टानं घ्यायला लावलेला. भटजी पुटपुटले तरी पलीकडं ऐकू जायचं. हातातला टॅब पहिल्या सर्व्हरला जोडलेला. टॅबवर दिसतंय म्हणजे जगाला दिसतंय, असा त्याचा साधा हिशेब.

चुलतभाऊ बाह्या सरसावून पुढं आला. नवरदेव मान मागं घ्यायला लागला. सगळा हॉल हसायला लागला.

आणि टॅब काळा झाला.

सम्राटनं टॅब बंद करून चालू केला. काळाच. मागं नवरदेव “आई गं!” म्हणून ओरडला आणि हॉलभर टाळ्या पडल्या.

खिशातला फोन थरथरला. झाल्या शिव्या सुरू, त्याला वाटलं. लाजेनं त्याचे कान तापले. फोन बाहेर काढायचं धाडस झालं नाही.

“राजवीर बघतोय न्हवं?” आण्णा घाम पुसत कॅमेऱ्यापाशी आले होते.

“न्हाय आण्णा.” सम्राटनं काळा टॅब पुढं केला. “बंद पडलंय.”

आण्णांचा चेहरा पार उतरला. “आनि त्यो दुसरा? दुसरा हाय म्हणालता की!”

खरं सांगायचं तर ती वेळ होती. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण आण्णांची बहीण बाळाबाई कान टवकारून उभी, मागं चार पाहुणे. एवढ्या लोकांत मान खाली घालायची म्हणजे जिवावर आलं त्याच्या.

“ते काम बायकोचं,” तो म्हणाला. “दहांदा सांगितलं, दुसरा लाव म्हणून. घरात रुसून बसलीया. एवढं एक काम दिलतं, ते बी जमलं न्हाय तिला.”

“अगं बया!” बाळाबाई म्हणाली. “आनि मिरवती तर केवढी, कॉम्प्युटरवाली म्हणून!”

पाहुणे हसले. सम्राटही हसला. लाज निम्म्यानं उतरल्यासारखं वाटलं त्याला, म्हणून आणखी बोलला. “मीच डोक्यावर चढवून ठेवलीया. उद्यापासनं चूल सांभाळ म्हणतो.”

आण्णा मात्र हसले नाहीत. तेवढ्यात त्यांच्या फोनवर राजवीरचा व्हिडिओ कॉल आला. आण्णांनी तो घाईनं उचलला.

“माफ कर रं लेकरा. तुला काय दिसलं न्हाय...”

“न्हाय कसं? समदं दिसलं की आण्णा! दाजी कसला वराडला! एकदा बी अडकलं न्हाय.”

आण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी खुशीनं फोन सम्राटच्या तोंडासमोर धरला. “बघा पावणं, उगंच घाबरीवलं! बोला त्याच्यासंगं.”

राजवीरचं हसू मावळलं. त्यानं सम्राटकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

सम्राटनं टॅबकडं बघितलं. काळाच होता. मग त्यानं हळूच खिशातला फोन काढला. शिवी एकही नव्हती. अनुजाचे दोन मेसेज होते. पहिला मेसेज, टॅब काळा झाला तेव्हाचा.

“पहिला सर्व्हर पडला. दुसरा मी घरच्या कॉम्प्युटरवर लावून ठेवलाय, कॅमेरा सकाळीच त्याला जोडलाय, त्यावर चालू हाय. काळजी करू नका.”

त्याच्याखाली आत्ता आलेला.

“आवाज बी स्वच्छ येतोय.”