लाल कुठला?

"ह्यातला रेड काढून दे बरं मला." मॅडमनी लाल-हिरव्या लाकडी मण्यांची ताटली अविराजपुढं सरकवली.

सुप्रियाचा जीव भांड्यात पडला. ए बी सी डी झाली होती, आकडे झाले होते. आता हे तर त्याला झोपेत विचारलं तरी येत होतं.

शहाण्णव सालचा एप्रिल. बारामतीच्या या शाळेत बालवर्गात घ्यायच्या आधीच परीक्षा. सगळं घरून शिकवून आणायचं, आणि एकदा नापास झालेल्याला पुन्हा बसू द्यायचे नाहीत.

"समदं तूच शिकवायचं, तर शाळंत काय नुसता डबा खायाला जायाचं का त्यानं?" नवरा, सोपान, हसला होता. सुप्रियाला हसू आलं नव्हतं. बारावीनंतर तिचं शिक्षण सुटलं ते सुटलंच. पोराचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

कन्हेरी गावच्या शेतात, बांधावर टोमॅटोचा माल निवडता निवडता तिनं त्याला शिकवलं. 'हाय' नाही, 'आहे' म्हणायचं, तेही शिकवलं. निळा-पिवळा एका दुपारीत आले. अडलं ते लाल-हिरव्यावर. पिकलेला टोमॅटो समोर धरला की कधी लाल म्हणायचा, कधी हिरवा; कच्चा धरला तरी तेच. मुद्दाम करतोय, असंच तिला वाटायचं. चुकला की मांडीला चिमटा. मग कानाला पीळ. एकदा तर तापल्या कालथ्याचा चटका दिला, आणि लगेच त्यावर तूप लावत स्वतःच हमसून रडली.

"पोटचं हाय का सवतीचं गं?" सासू, फुलाबाई, कडाडल्या.

आणि एके दिवशी अचानक जमलं. लाल म्हटलं की टोमॅटोच्या पाटीतून लाल, हिरवा म्हटलं की हिरवा. एक चूक नाही. "बघा आत्याबाई, चटक्यानंच आलं की नाही?" तिनं पोराला उराशी धरलं, मुके घेऊन घेऊन त्याचे गाल ओले केले.

आता अविराजनं एक मणी उचलला. चिमटीत दाबला. खाली ठेवला. दुसरा उचलला, दाबला, ठेवला.

मॅडमनी घड्याळ बघितलं.

"अव्या, येतंय की तुला," सुप्रिया हळूच म्हणाली, आणि टेबलाखालून चिमटा घेतला. जोरात.

तो रडला नाही. तिसरा मणी त्यानं दोन्ही अंगठ्यांनी दाबला, नखं पांढरी होईस्तोवर.

"साधे रंग येत नाहीत याला. घरी थोडं लक्ष देत जा हो," मॅडम म्हणाल्या. "चला, पुढचे कोण आहेत?"

सुप्रिया उठली नाही. ती त्याच्या बोटांकडं बघत होती. एवढ्या वेळात पोरानं मण्यांकडं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. नुसता चाचपत होता.

त्यानं मान वर केली. डोळे भरले होते.

"आई, समदं कच्चंच हाय गं. एकबी मऊ लागंना. ह्यातलं लाल मी कसं वळखू?"