कालचाच धडा

“बेटा, नाव काय तुझं?” इम्तिहान घ्यायला हिंगोलीहून घोड्यावर आलेल्या निजाम सरकारच्या साहेबांनी विचारलं.

“फुलसिंग!” पोरगं ठणकावून बोललं आणि लगेच त्यानं जीभ चावली. मेलो आता! शाळेत फुलसिंग नावाचं पोरगं नव्हतंच. नाव होतं ते लालसिंगचं, त्याच्या जुळ्या भावाचं.

दोघं अशी, की एकाला झाकावं आन् दुसऱ्याला काढावं. बाप किसनसिंग म्हणाला होता, “एक शाळेत जाईल, एक शेरडांमागं. दोघं शाळेत बसले तर शेरडं काय मी डोक्यावर घेऊन हिंडू?” नाव लागलं लालसिंगचं. फुलसिंग रडून रडून सुजला. लालसिंगला ते बघवेना. मग पोरांनीच तोड काढली. घरून निघायचं जोडीनं, अन् नाल्यावर वाटा फुटल्या की एक दिवस लालू शाळेत, एक दिवस फुलू. पुसेगावच्या बाजारातला चांगला सदरा एकच होता, तो नाल्यावरच बदलायचा. घरी पत्ता न्हाई. शेरडं तेवढी दोघांना बराबर ओळखायची, पण शेरडांना कोण विचारतं!

त्यांच्या पथ्यावर पडलं ते मोहियोद्दीन मास्तरांचं विसरणं. माणूस भला, पण काल शिकवलेला धडा आज पुन्हा पहिल्यापासून. पाढा तोच, कविता तीच. नवं काय ते तिसऱ्या दिवशी. पोरं कलकलाट करायची, “मास्तर, हे काल झालं की!”

“झालं? मला तर काईच याद न्हाई,” म्हणत मास्तर टोपी मागं सारायचे आणि पुन्हा सुरू. अख्खं गाव हसायचं. पोरांची आई द्वारकाबाई, तिला तर दयाच आली. मास्तरांचं डोकं ठिकाणावर यावं म्हणून तिनं तुपाचं गाडगं पाठवलं. मास्तरांनी ते मिटक्या मारत संपवलं. धडा कालचाच.

आणि आज हा घात! हजेरीत ते नाव सापडेना, तशी साहेबांच्या कपाळाला आठी पडली. सुटली शाळा, आपलीबी अन् लालूचीबी!

“मास्तर, हे पोरगं कोण?”

मोहियोद्दीन मास्तर सावकाश उठले. “जुळं हाय, हुजूर. दुसरं नाल्यावर शेरडं चारून राहिलं. दोघं आळीपाळीनं येतात. त्यालाबी बोलवू का?”

फुलसिंग आ वासून बघत राहिला. मास्तरांना कळलं कवा?

लालसिंग आला, शेरडांसकट. साहेबांनी पाढे विचारले, दोघांनी खाडखाड म्हटले. वाचायला दिलं, दोघांनी न अडखळता वाचलं. साहेबांची आठी कधीच गेली होती.

“दिवसाआड येऊन एवढं? लावा दोघांची नावं!”

किसनसिंगला बोलावणं गेलं. सरकारी साहेबापुढं त्याची काय बिशाद! “पण शेरडं?” एवढंच तो कसंबसं बोलला.

“शाळेमागं गायरान हाय,” मास्तर म्हणाले. “तिथं सोडा. खिडकीतून बघतील पोरं.”

दुसऱ्या दिवशी जोडी मांडीला मांडी लावून बसली. मास्तरांनी नवा धडा काढला. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचा. मग त्याच्याही पुढचा. वर्ग थक्क झाला. द्वारकाबाई गावभर मिरवू लागली, “आला का न्हाई माझ्या तुपाचा गुण?”

फुलसिंगला मात्र धड्यात लक्षच लागेना. काल लालू, आज मी. पुन्हा लालू, पुन्हा मी. अन् दोघांनाबी धडा तोच! त्याला एकदम उमगलं आणि डोळे भरून आले.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “काहून रे, काई इसरलास का?”

“न्हाई, मास्तर,” फुलसिंग नाक पुसत हसला. “तुमीबी कवाच काई इसरला नव्हता.”